मागचा नळ

नव्वदचं दशक सरता सरता बोथ गावातल्या आमच्या घरात आरओचं मशीन आलं. सकाळी नीट चालायचं, संध्याकाळी मात्र धार सुतासारखी व्हायची. वडील ते परत करायला निघाले, तेव्हा आदिलाबादहून एक मेकॅनिक आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मशीन कधीच भंगारात गेलं, पण नाडी बघावी तसा पाइपवर ठेवलेला त्याचा तळहात अजून डोळ्यांपुढे येतो.

संध्याकाळपर्यंत थांबून तो पाइपाच्या मागोमाग परसात गेला. वडील शाळेत शिकवायला गेले असताना आईने टाकीच्या त्याच पाइपातून कुंपणाबाहेर एक नळ काढून घेतला होता. कापूस वेचून परतणाऱ्या बाया तिथे कळशा भरत होत्या. आई दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, गमछ्याला हात पुसले आणि आत आला.

"काऊन कमी येते हो पाणी?" वडिलांनी विचारलं.

"टाकी ठेंगणी हाय, गुरुजी. कंबरभर ओटा बांधा अन् वर घ्या. दुसरं काई नाई."

आईने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

रविवारी वडिलांनी ओटा बांधला. टाकी वर चढवल्यावर मला हळूच म्हणाले, "आता मागच्या नळालेबी जोर येईन. मायले सांगू नोको."