गार्डसाहेबांच्या वहीतला सेमिनार

आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीत नरहरकाका देवपुजारींना कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणतात, भाजीवालासुद्धा. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून ते रिटायर झाले, पण त्यांची सवय काही रिटायर झाली नाही. गाडी मध्येच थांबली की किती वाजता थांबली, किती वाजता सुटली आणि कारण काय, हे गार्डनं लिहून ठेवायचं असतं. काका आता साऱ्या संसाराचं तेच करतात. नळ सहा पंचवीसला आला, सात दहाला गेला, कारण कळले नाही. इंदूकाकू म्हणतात, "आमच्या लग्नातले मंगलाष्टक अकरा मिनिट लेट झाले, तेही लिहून ठेवलं आहे यांनी. कारणाच्या जागी माह्या मामाचं नाव आहे!"

मी त्यांच्या शेजारची क्षमा. ही गोष्ट २००७ सालची. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायचे आणि माझं डोकं बारा महिने तापलेलं असायचं. तीन वर्षं पै-पै साठवली होती आणि बी.एड.ला नंबर लागला होता. फी अठरा हजार, सोमवारी ड्राफ्ट काढून कॉलेजात भरायची होती. नाही भरली तर जागा दुसऱ्याला जाणार आणि मी आणखी एक वर्ष 'नंबर सात, अंदर जाइए' म्हणत बसणार.

आणि नेमका त्याच रविवारी शंकर नगरच्या एका हॉटेलात तो सेमिनार आला. नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून रायपुरात जमिनीचे भाव आणि माणसांच्या गप्पा दोन्ही वर गेल्या होत्या. तापानं फणफणलेला पेशंटसुद्धा बाकावर बसून शेअरचं बोलायचा. पेपरात जाहिरात होती, 'पैशाला कामाला लावा. प्रवेश फुकट, जेवण फुकट, पास दोघांचा.' ते वाचून मला वाटलं, मास्तरीण होऊन असं काय मोठं मिळणार आहे? दोन वर्षांत श्रीमंत होऊ, मग बी.एड.वाल्यांना आपणच नोकरीवर ठेवू. फुकट सेमिनारच्या पुढे विकतचा कोर्स असतो, हे मैत्रिणीनं सांगितलं होतं. म्हणून शनिवारीच बँकेतून अठरा हजार काढून पर्समध्ये ठेवले. आईला म्हटलं, सोमवारी गर्दी असते. आईशी खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, पण तेवढंच.

पास दोघांचा होता आणि आईला नेणं शक्य नव्हतं. म्हणून शुक्रवारीच मी गार्डसाहेबांना विचारलं होतं.

"जेवण खरंच फुकट आहे?" काका म्हणाले. "मंग चालतो. पण मी वही घेऊन येईन."

मी म्हटलं, वहीच काय, कपाट आणा.

कार्यक्रम साडेदहाचा होता. सव्वाअकराला दिवे मंद झाले, ढोलाचं संगीत वाजलं आणि चकचकीत सूट घातलेले अभिनव सर धावत स्टेजवर आले. "कोई सवाल हो तो बेझिझक पूछिए," असं त्यांनी म्हणायची खोटी, काका उभे.

"भैया, पैंतालीस मिनट लेट हो. कारण?"

सर हसले. "अंकल, ट्रैफिक बहुत था."

"आप तो इसी होटल में ठहरे हो. सुबह लिफ्ट में मिले थे नीचे के दरबान को, उसी ने बताया."

हॉलमध्ये हशा पिकला. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकांनी शांतपणे वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली बसले.

पण सर बोलायला लागले आणि मी विरघळले. काय बोलायचे! वडिलांची गरिबी सांगितली तेव्हा शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग त्यांची गाडी दिसली, सिंगापूर दिसलं, गाडीसकट सिंगापूर दिसलं. मध्ये थोडं कामाचंही सांगितलं आणि ते खरंच चांगलं होतं. व्याजावर व्याज कसं चढतं, सगळे पैसे एकाच कंपनीत का टाकू नयेत, हे त्यांनी फळ्यावर इतकं सोपं करून दाखवलं की आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा मला राग आला. मग सगळ्यांना उभं करून 'मैं अमीर बनूँगा' असं ओरडायला लावलं. मी दोनदा ओरडले. काका नुसते उभे राहिले, कंबर आखडली होती म्हणून.

शेवटी काकांनी परत हात वर केला. "भैया, आपका खुद का कोई घाटा बताइए. कौन सी तारीख, कितने का?"

"अंकल, मैं निगेटिव बातें याद नहीं रखता," सर म्हणाले आणि टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

जेवण झकास होतं. काकांनी गुलाबजाम तीन खाल्ले. तेवढ्यात घोषणा झाली: मोठा कोर्स अठ्ठावीस हजारांचा, पण तीनच्या आत भरले तर फक्त पंधरा. लोक टेबलाकडे पळाले. मीही फॉर्म आणला, नाव लिहिलं आणि मग हात थांबला. पर्समधले पैसे कसले आहेत, ते काकांना सांगून टाकलं.

मला वाटलं, आता ओरडतील. काकांनी वही पुढं सरकवली. "मी काही बोलत नाही. तू वाच."

त्यांच्या त्या टोकदार अक्षरात सगळं होतं. वडिलांची गरिबी, पंचवीस मिनिटं. स्वतःची गाडी आणि सिंगापूर, चाळीस. श्रीमंत झालेल्या लोकांचे फोटो, पस्तीस. ओरडणे व टाळ्या, पंधरा. कोर्सची तारीफ, बारा. प्रत्यक्ष शिकवणे, वीस. नुकसान होऊ शकते याबद्दल, तीन. त्यातही दोन वेळा पाणी प्यायले. सगळ्यात खाली: स्वतःचे नुकसान विचारले, कारण दिले नाही.

"पण ती वीस मिनिटं चांगली होती काका!" मी चिडून म्हटलं.

"हव, लय चांगली होती. मलेही ते व्याजाचं आजच नीट समजलं. आपला रविवार वाया नाही गेला. पण ते वीस तुले फुकट भेटले, पोट्टी. आता पंधरा हजारात कोणते मिनिट भेटून राहिले, ते जाऊन विचार."

गेले. टेबलावरच्या मुलीला विचारलं, "कोर्स में क्या सिखाएँगे?"

ती गोड हसून म्हणाली, "मैम, सर अपनी पूरी जर्नी डिटेल में बताएँगे."

म्हणजे सिंगापूर, सविस्तर! मला आधी हसू आलं आणि मग स्वतःचा असा संताप आला की फॉर्मचे चार तुकडे केले. मुलगी बिचारी घाबरली. तिचा काय दोष होता, पण तेव्हा एवढं कुठं सुचतं?

परत येताना स्कूटी मी चालवत होते. काका मागं बसून गुणगुणत होते. त्यांच्या फाटकाशी उतरल्यावर मी विचारलं, "काका, मी पैसे भरलेच असते तर तुमी काय केलं असतं?"

काकांनी बंडीच्या खिशातून पासबुक काढलं आणि माझ्यापुढं धरलं. शनिवारची तारीख, काढले अठरा हजार.

"काल बँकेच्या लाइनीत तुझ्यामागं तिसरा होतो मी. परवा तू सेमिनारले चला म्हणाली, काल एवढे पैसे काढले. मले दिसत नाही का? मंग मीही काढून ठेवले. तू तिथं भरून बसली असती, तर सोमवारी तुझ्या फीचा ड्राफ्ट मी काढला असता. पोट्टीचं वर्ष काहून जाऊ द्यायचं?"

मला एकदम रडू फुटलं. रडता रडताच मी त्यांच्यावर ओरडले, "मंग आधी काहून नाही सांगितलं? तिथं मी किती घाबरली होती! माहीत असतं, तर डोळे मिटून भरून टाकले असते ना मी!"

"म्हणून तर नाही सांगितलं," काका म्हणाले.