पोपट नसलेलं ॲप

दार ओढून घेतलं तरी कुलुपवाला ते पुन्हा ढकलून बघायचा. पाहुणा जिना उतरेपर्यंत खिडकीतून त्याची पाठ न्याहाळायचा. फोन उचलला की स्वतः आधी बोलायचा नाही. समोरच्याला बोलू द्यायचा. दुकानात कुणी साबणावर किल्लीचा ठसा घेऊन आलं, तर साबण परत करून म्हणायचा, "हात धुवा. किल्ली हवी असेल तर कुलूप घेऊन या." बायको त्याला शंकासुर म्हणायची, तेही तोंडावर.

अशा माणसाच्या आईला कानाचं मशीन लागलं, आणि ते मशीन चालायचं फोनमधल्या ॲपवर.

घेतलं तेव्हा ॲपचं नाव 'कर्णिका' होतं. वर हिरवा पोपट. आई त्याला पोपटच म्हणायची. कुलुपवाल्याने कितीतरी संध्याकाळी तिच्याशेजारी बसून एकेक आवाज तिच्या कानाला बसवला होता. नवी किल्ली कानशीने घासावी, लावून बघावी, परत घासावी, तसा. त्याचा स्वतःचा आवाज खर्जातला. तिला तोच सगळ्यात जड जायचा.

मग कर्णिकाचं 'सुनाद' झालं. पोपट उडाला. पुढे 'सुनाद प्लस'. दर वेळी त्याने डॉक्टरांना विचारलं, कंपनीला फोन केला, आणि मगच बोट लावलं. परवा मात्र निरोप आला तो 'ध्वनिसाथ'चा. जुनं ॲप बंद होणार, सेटिंग इकडे हलवा. नंबर अनोळखी. त्याने उलट फोन लावला.

"सर, ॲपचं नाव बदललंय. कंपनीचंही बदललंय."

"आणि तुझं?"

"माझं तेच आहे सर."

"तेवढं तरी कशाला ठेवलंस?" म्हणत त्याने फोन ठेवला. डॉक्टर गावाला गेले होते. सारखं नाव बदलून येतो तो चोर तरी असतो नाहीतर बुडीत तरी, असं त्याचं गणित. त्याने निरोप पुसून टाकला.

जुनं ॲप खरंच बंद पडलं. मशीन मूळपदावर आलं. चमचा पडला की आई दचकायची, आणि माणसं बोलली की नुसती हसायची, भलत्याच जागी. शेवटी तिने मशीन काढून डबीत ठेवलं.

"घराला कुलूप लावा म्हटलं होतं," बायको म्हणाली, "तुम्ही आईंच्या कानाला लावलंत."

त्याने डबीचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

डॉक्टर परतले. निरोप खरा होता, म्हणाले. जुनी सेटिंग गेली. नव्यात पहिल्यापासून बसवा.

त्याने बसवायला घेतलं. नळ झाला, दार झालं, बेल झाली. आईच्या कपाळावरची आठी हळूहळू मोकळी झाली. शेवटची पायरी आली: जवळच्या माणसाचा आवाज नोंदवा. बटण दाबून थोडा वेळ बोला. पोपटाने असलं काही मागितलं नव्हतं.

"हा आवाज जातो कुठे?" त्याने विचारलं.

"आईंच्या कानात," बायको म्हणाली.

"वाटेत कोण कोण आहे?"

"तुम्ही ना, धन्य आहात. आणा इकडे, मी बोलते."

आई मान हलवत म्हणाली, "अगं, तुझं मला येतंय ऐकू. याचंच पाण्याखालून आल्यासारखं वाटतं."

कुलुपवाल्याने फोन हातात धरला. आवाज द्यायचा म्हणजे ठसाच द्यायचा. समोर साबण धरलाय, आणि धरणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षी काय असेल ते देव जाणे. त्याने अंगठा बटणापर्यंत नेला. आईने मशीनचा कान त्याच्याकडे केला होता, डोळे मिटून, ओठ वाचायचे नाहीत असं ठरवल्यासारखी.

"बोलतोस ना?"

"बोलतो," तो म्हणाला.

तिला ते कळलं नाही. ती तशीच थांबून राहिली. बटण त्याने दाबलंच नव्हतं. पडदा मंद झाला, मग विझला, आणि ध्वनिसाथची शेवटची पायरी तशीच राहिली.