आवाजाचा कॅमेरा

शेळगावच्या संभाजीरावांनी बारामतीच्या दुकानात एक कॅमेरा पसंत करायला अख्खी सकाळ घालवली. माणूसच चिकित्सक. बैल घेताना त्यांनी दात बघितले, ट्रॅक्टर घेताना त्याच्याखाली आडवे झाले, मग कॅमेराच बरा सुटेल! दुकानदार बादशाह मूळचा सणसरचा, भागातल्या वस्त्यावस्त्यांवर त्यानंच बसवलेले कॅमेरे.

"इहिरीवरच्या मोटारी चोरीला जात्यात म्हणून पायजे का, आबा?" त्यानं विचारलं.

"चोर काय न्हेतोय आमचं? तुझ्या काकूसाठी पायजे."

द्वारकाबाईंना विसर पडायला लागलाय, हे बादशाहच्या कानावर आलं होतं. दोनदा त्या वस्तीवरून निघाल्या आणि कालव्याच्या काठाला सापडल्या. लोणी देवकरला कारखान्यात असलेला मुलगा इंद्रजित म्हणत होता, आईला पुण्याच्या एखाद्या संस्थेत ठेवू. संभाजीरावांनी त्याला उभं केलं नाही. पण पाण्याची पाळी आली की रानात जावंच लागे, आणि उसाला दारं धरताना यांचा जीव सगळा घराकडं.

बादशाहनं दोन कॅमेरे पुढं ठेवले. "ह्यो फिरता. समदं अंगण अन् दोन्ही वाटा दावतोय. ह्यो दुसरा फिरत न्हाय, पर तुमी मोबाईलवर बोललासा की तितं आवाज निघतोय. दोन्ही सोलरवर चालत्यात. माझं ऐका, फिरता घ्या. काकू कुठल्या वाटनं गेल्या ते तरी कळंल."

"कळून काय करू? मी रानातनं पळत येस्तवर ती कालव्यावर. हाक मारली तर थांबंल. आजवर थांबत आलीया."

आणि आयुष्यात चारचौघांत बायकोला कधी हाक न मारलेला हा माणूस भर दुकानात मोबाईल तोंडाशी धरून म्हणाला, "अगं ए!" टेबलावरचा कॅमेरा तस्संच बोलला. गिऱ्हाइकं हसली. संभाजीराव लाजले, पण तोच कॅमेरा घेऊन आले.

ओसरीत कॅमेरा बसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. द्वारकाबाई अंगणाबाहेर निघाल्या की हे रानातून मोबाईलवर बघून म्हणत, "अगं, माघारी फिर." त्या लगबगीनं डोक्यावर पदर घेत आणि माघारी येत. संस्थेचं नाव इंद्रजितनं पुन्हा काढलं नाही. मग संभाजीरावांना बोलायची गोडीच लागली. चा घेतलास का, वैरण टाकलीस का. अख्ख्या संसारात बोलले नसतील एवढं ते त्या कॅमेऱ्यातून बोलले. घरी आले की मात्र नेहमीसारखे मुके.

एका दुपारी ते रानातून आले तर द्वारकाबाई दारात वाट अडवून उभ्या.

"कोण पावणं?"

"अगं, मी."

त्या दचकून मागं सरल्या, कॅमेऱ्याकडं वळल्या आणि ओरडल्या, "अवं, ऐकलंसा का? कुनीतरी घरात शिरतंय!"

संभाजीरावांनी टोपी काढून तोंड दाखवलं, इंद्रजितचं नाव घेतलं, विनवलं. बाई दार सोडेनात. चुलीपाशी भाकरी झाकून ठेवलेली. मालक जेवल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत, हे लग्नापासूनचं. म्हणजे आज उपाशीच राहणार.

शेवटी ते गोठ्यामागं गेले. तिथं त्यांना रडू कोसळलं. बऱ्याच वेळानं आवाज ताळ्यावर आला तेव्हा त्यांनी मोबाईल काढला.

"अगं, मी जेवलोय रानात. दारात आलाय त्यो आपलाच माणूस हाय. त्याला वाढ अन् तूबी जेव."

"बरं," ओसरीतून उत्तर आलं, अगदी पहिल्यासारखं.

ते दारात आले तेव्हा बाईंनी पाय धुवायला पाणी ठेवलं होतं, पाट मांडला होता. "लाजू नगा, पावणं. मालकांनी सांगितलंया." त्यांनी ताट वाढलं, भाकरीबरोबर आग्रहानं कोरड्यास वाढलं आणि पदर सावरून पलीकडं जेवायला बसल्या. त्या जेवतायत, एवढंच संभाजीराव बघत राहिले.

"घरी कोण हाय तुमच्या?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"बायको हाय."

"मग तिला एकटीला ठिवून कशाला हिंडता? वाट बघत आसंल ती. जेवा अन् बिगीबिगी घरी जावा."

"व्हय," संभाजीराव म्हणाले. "निघतोच."