खांद्यावरचा डाग

माझा नवरा आयझॅम बोलायला कंजूष, पण हातोडा हातात आला की ऐकायचा नाही. लढाई संपून, गुलामी सुटून दोन वर्षं झाली होती. नदीकाठच्या आमच्या वस्तीत आता कुणाचा कुणी मालक नव्हता आणि मुलांसाठी पहिली शाळा उभी राहत होती. तिच्या छपरावरून हा पडला, पाय मोडून घेतला आणि खाटेला खिळला. खरं सांगू? मला बरंच वाटलं. नवरा दिवसभर डोळ्यांसमोर! डेल्फी जळकी आहे हे सगळी वस्ती जाणते, मी कशाला लपवू?

विकून लांब नेलेल्या माणसांना शोधणाऱ्या चिठ्ठ्या पाद्री बोल्डन दर रविवारी चर्चमध्ये वाचायचे. प्रत्येक चिठ्ठी तीन रविवार. त्यातली एक अशी होती.

"माझा नवरा क्वाश. डाव्या खांद्यावर रस उकळायच्या काहिलीला भाजल्याचा डाग. त्याची आई बाइना माझ्याजवळ आहे, तिची दृष्टी गेली आहे. मरायच्या आधी लेकाला एकदा हात लावायचा म्हणते. टेंपी."

आयझॅम हे नाव त्यानं सुटका झाल्यावर स्वतः घेतलेलं. क्वाश हे जुनं नाव वस्तीत फक्त मला ठाऊक होतं, आणि टेंपी ही विकला जाण्याआधीची त्याची बायको, हेही. आणि तो डागही फक्त माझाच, असं मी धरून चालले होते. पाद्र्यासमोर लग्न लागलं होतं माझं! आणि या बाईनं माझ्या नवऱ्याचा खांदा भर चर्चमध्ये उघडा केला.

घरी आले तर त्याचा नेहमीचा प्रश्न. "आज कुणाच्या चिठ्ठ्या गं?"

"आपल्या कुणाची नाही."

"बरं."

"एवढी कुणाची वाट बघतोस? त्या टेंपीची?"

"आईची गं बाई. कोण बघत असेल तिच्याकडे?"

मी चिठ्ठीचं नाव काढलं नाही. आई हवी तर टेंपीही दारात येणार होती. दुसऱ्या रविवारीही मी "आपल्या कुणाची नाही" म्हटलं.

तिसऱ्या रविवारी तो काठी टेकत उभा राहिला. "आज मी येतो चर्चला."

मी त्याचा एकुलता एक चांगला सदरा उचलून टबात बुचकळला.

"रविवारचं धुणं? पाद्रीबुवा कान उपटतील तुझे!" तो हसला आणि उघडाच दारात बसला. डाग माझ्यासमोर.

"आत्ता खाजतोय बघ," तो म्हणाला. "पाच वर्षांचा होतो, उसाच्या रसाच्या काहिलीवर पडलो. आईनं कामावर जायचं नाकारलं. तिथंच बसून फुंकर घालत राहिली. मुकादमानं तिला फटके मारले, तरी उठली नाही."

म्हणजे तो डाग टेंपीचा नव्हता आणि माझाही नव्हता. मी सदरा पिळला आणि त्याच्या अंगावर टाकला.

"ओलाच घाल. चल."

चर्चमध्ये ते शब्द ऐकताना त्यानं ओल्या सदऱ्यावरून खांदा घट्ट धरला. पाद्र्यांनी विचारलं, "कुणी ओळखतं का याला?" त्याला उठवेना. मग मीच उभी राहिले.

"इथं आहे तो. माझा नवरा." 'माझा' जरा मोठ्यानंच म्हणाले.

पाद्र्यांनी उत्तर धाडलं आणि महिन्यानं खेचरांची गाडी आली. टेंपी मला वाटली होती त्याहून उंच होती आणि देखणी होती, मेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या वाढलेल्या पोटाकडे. म्हातारीचा हात धरून तिनं त्याच्या खांद्यावर ठेवला. बोटांनी डाग शोधला आणि आयझॅम लहान मुलासारखा रडला.

"म्हातारीला मक्याची भाकरी दुधात कुस्करून द्यायची," टेंपी मला म्हणाली. "गुडघे दुखतात तिचे, चोळून द्यावे लागतात."

ती एकटीच गाडीत परत चढली. मी "जेवून जा" म्हटलं. एकदाच म्हटलं.

रोज संध्याकाळी मी सासूचे गुडघे चोळते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "टेंपी, तूच ना गं?" मी फणकाऱ्यानं म्हटलं, "डेल्फी म्हणतात मला." ती कावरीबावरी झाली, इकडेतिकडे हात चाचपू लागली.

आजही तेच विचारते. मी दात आवळते आणि म्हणते, "हो आई, मीच."