पाण्याखालच्या पत्त्यावरचे खेकडे

इंदापुरात आमच्या दारावर येणाऱ्या मासेवाल्या मावशी आधी भाव सांगत नाहीत, पत्ता सांगतात. "ही कोळंबी चिंचंखालची. ह्ये खेकडं देवळाच्या पायरीचं." ती चिंच, ते देऊळ, त्यांचं सगळं जुनं गावच केव्हाचं धरणाच्या पाण्याखाली गेलंय.

परवा मात्र त्यांनी पत्ता न सांगताच खेकडे दिले. लेकीच्या हट्टापायी मी ते कोळंबी, बटाटे आणि मक्याच्या कणसांबरोबर एकाच पातेल्यात उकडायला ठेवले. एरवी दारातूनच परतणाऱ्या मावशी ओट्यापाशी येऊन थांबल्या.

"रस्सा सोडून ह्ये काय, ताई?" त्या हळहळल्या.

मी भरपूर लोण्यात लसूण आणि लाल तिखट परतून सगळ्यावर ओतलं. त्या वाफेत मावशींचा चेहरा पाण्यातून दिसावा तसा हलत होता. त्यांनी एक नांगी फोडली, लोण्यात बुडवली आणि खाताना डोळे मिटून घेतले. किती तरी वेळ उघडलेच नाहीत.

"मावशी, आजचे कुठले होते?"

"आमच्या चुलीपाशीचं," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "म्हनलं, शिजताना बगावं."