न लंगडणारी मोती

"डॉक्टर, गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांगू का?" मर्सीबायनी विचारलं.

गिरीजला त्यांच्या वाडीतल्या गोठ्यात मी रिपोर्ट धरून उभी होते. नुकतीच घेतलेली लाली गाय लंगडते म्हणून विकायची ठरली होती. कामणहून गिऱ्हाइकाचा टेम्पो निघाला होता. आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये लाली नॉर्मल, तर ऐटीत चालणारी त्यांची दुसरी गाय मोती भलतीच हाय.

आमच्या प्रोजेक्टमध्ये गाईंच्या रक्तातलं हॅप्टोग्लोबिन तपासतात. शरीरात कुठे सूज, जखम असली की यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. गाय लंगडायच्या आधीच खुराचं दुखणं कळावं, ही आशा.

प्रोजेक्टच्या सरांना फोन लावला.

"लेबलं उलटी लागली असतील. रक्त पुन्हा घे."

"सर, पुन्हा घेतलेल्याचाच हा रिपोर्ट आहे."

"मग ताप बघ, कास बघ."

मोतीला ताप नव्हता, कासही चांगली. लालीच्या कमरेवरून हात फिरवला तर एका बाजूचं हाड खाली बसलेलं. जुनी मोड, कधीच भरून आलेली. दुखत काही नव्हतं, चाल तेवढी वाकडी राहिली होती. तिचा रिपोर्ट पटला. मोतीचा काही पटेना.

मोतीला गाय अडकवायच्या खोड्यात घेतलं. मागचा डावा खूर चिमट्यात दाबला. तिने पाय हिसडला. तुलनेसाठी उजवा दाबला. तोही हिसडला.

"बुजरीच आहे ती," मर्सीबाय म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. पण पुढचे खूर दाबले तर ढिम्म हलली नाही.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मागचे दोन्ही पाय सारखेच दुखत होते. एकाचा भार दुसऱ्यावर टाकायची सोयच नव्हती, मग लंगडणार कशी? तळवे कोरले. दोन्हीकडून काळा पू आला. खुराच्या दोन नख्यांपैकी बाहेरची दुखरी होती, तिच्यावर भार पडू नये म्हणून आतल्या चांगल्या नखीखाली लाकडी ठोकळे चिकटवले. लालीला ठेवून घेतलं, टेम्पो रिकामा परत गेला.

काही दिवसांनी मर्सीबायचा फोन. "डॉक्टर, तुमच्या औषधाने मोती लंगडायला लागली!"

"छान झालं."

"छान?"

"एक पाय बरा झाला, बाय."

त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. मी मात्र आता सरळ चालणाऱ्या गाईचेही चारही पाय उचलून बघते.