श्यामकांतचं इंजिन, माझे रूळ

श्यामकांत वर्दे मला कधी धड रागावू द्यायचा नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा. माणसाने एखादा तरी दुर्गुण बाळगावा की नाही? हा आपला दर रविवारी सकाळी अंधेरीहून चालत पार्ल्याला माझ्याकडे यायचा, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पत्र्याचे तुकडे, आणि पायरीवरूनच हाक मारायचा, "वहिनी, चहात आलं घाला हो!" वसुधा, म्हणजे माझी बायको, लगेच आलं ठेचायला घ्यायची. एरवी सहा दिवस मला नुसता चहा.

दिसायला अगदी साधा माणूस. चौतिशीचा, हडकुळा, फोर्टात एका विमा कचेरीत कारकून. सदऱ्याला पोटावर बारीक बारीक भोकं, डाख देताना उडालेल्या कथलाची. त्याची बायको नीला ती रफू करायची आणि हा पुढच्या रविवारी नवी पाडायचा. मी सरकारी कचेरीत नकाशे काढणारा. माझ्या सदऱ्यावर शाईचा एक ठिपका दाखवा, बक्षीस देईन.

आमची ओळख झाली अठ्ठेचाळीस साली. अंधेरी यार्डात मालगाडीचं शंटिंग चाललं होतं आणि कुंपणाशी दोन माणसं पाऊण तास उभी होती, दोघांच्या हातात भाजीच्या पिशव्या. शेवटी त्यातला एक दुसऱ्याकडे न बघताच म्हणाला, "ड्रायव्हर नवा दिसतोय. ब्रेक फार लवकर मारतोय." दुसरा, म्हणजे मी, म्हणालो, "आणि तो सांधा ऐका, किती खडखडतोय!" झालं. त्या दिवशी दोन्ही घरी मेथी सुकून पोचली, आणि पुढच्या रविवारी आम्ही माझ्या ओट्यावर एक जुना दरवाजा आडवा टाकून त्यावर आगगाडी मांडायला बसलो.

वाटणी पहिल्या दिवशीच ठरली. इंजिन आणि डबे त्याचे. रूळ, सांधे, सिग्नल माझे. पार्ल्यात बिस्किटांच्या वासाला तोटा नाही तसा रिकाम्या पत्र्याच्या डब्यांनाही नाही. त्या पत्र्याची तो इंजिनं करायचा आणि आत जुन्या गजराच्या घड्याळाचं यंत्र बसवायचा. चावी दिली की ते इंजिन असं काही निघायचं की बघणाऱ्याने हातातला घास खाली ठेवावा. मी देवदारी खोक्याच्या फळ्या कापून रुळांखालचे काडीएवढे स्लीपर करायचो, त्यावर पितळी पट्टीचे रूळ ठोकायचो, एकेक खिळा मोजून. सहा वर्षांत आमचे एका दरवाजाचे तीन झाले.

आता लोक बघायला यायचे. शेजारचे, शाळेतले मास्तर, वसुधाच्या माहेरचे. काय म्हणायचे? "वा! इंजिन काय झकास आहे हो!" रुळांकडे कोण बघतो? गाडी घसरली तरच. आणि माझ्या रुळांवर गाडी कधी घसरली नाही, म्हणून सहा वर्षांत एका माणसाने माझं नाव काढलं नाही. श्यामकांत मात्र प्रत्येकाला सांगायचा, "रूळ बाळचे आहेत बरं का!" मग लोक सौजन्याने "हो का?" म्हणायचे आणि परत इंजिनाकडे वळायचे. तो न सांगता तर बरं झालं असतं. भीक घातल्यासारखं वाटायचं मला.

चौपन्न साली त्याने मेलगाडीचं इंजिन पुरं केलं. दोन वर्षं खपला होता मेला. हातभर लांब, दोन्ही बाजूंना तीन-तीन मोठी चाकं, सगळी एका दांड्याने जोडलेली. रंग काळा, पण असा की त्यात तोंड दिसावं. त्याच्या घरी चालवून बघायला फक्त एक सरळ तुकडा, तोही मीच दिलेला. वळण माझ्याकडे. तेव्हा तो म्हणाला, "बाळ, हे लांबडं आहे रे. वळणावर या वेळी दोन पत्ते घाल." मी म्हणालो, "घालतो."

हे पत्त्यांचं सांगायला हवं. दोन रुळांमधलं अंतर राखायला माझ्याकडे मापाची एक पितळी पट्टी होती. सरळ रुळात ती घट्ट बसवायची आणि खिळे ठोकायचे. वळणावर मात्र पट्टी आणि रूळ यांच्यामध्ये खेळायचा एक पत्ता सरकवायचा आणि मग ठोकायचं. त्या पत्त्याच्या जाडीएवढे रूळ फाकतात आणि चाकं न अडकता वळतात. खऱ्या रेल्वेतही वळणावर रूळ किंचित फाकवतात, पत्त्याची युक्ती माझी. लांब इंजिनाला एक पत्ता पुरत नाही. हे श्यामकांतला माहीत होतं, मला त्याच्याहून जास्त माहीत होतं.

मग आलं ते कार्ड. घाटकोपरला चंद्रप्रकाश म्हणून एक रेडिओचे दुकानदार होते. त्यांच्या माडीवर छोट्या आगगाड्यांचं मंडळ भरायचं, विलायती विजेच्या गाड्या वगैरे. श्यामकांत ते कार्ड घेऊन धावतच आला आणि मोठ्याने वाचू लागला. "आपल्या इंजिनाची कीर्ती कानी आली. येत्या रविवारी आम्ही चौघे ते पाहण्यास आपल्या मित्राच्या घरी येत आहोत. मंडळात एका सभासदाची जागा आहे. मंडळ दर रविवारी सकाळी भरते."

"बाळ, यार, घाटकोपरचं मंडळ!" त्याचे कान लाल झाले होते. "तू पण असशीलच ना त्या दिवशी?"

तू पण! अरे, घर माझं, ओटा माझा, चहा माझी बायको करणार, गाडी माझ्या रुळांवरून धावणार, आणि मी 'आपल्या मित्राच्या घरी' मधला मित्र! असेन की. जाणार कुठे? आणि दर रविवारी सकाळी, हे शब्द तर माझ्या डोक्यात सुतारपक्ष्यासारखे ठोकत राहिले. तो घाटकोपरला जाणार. मी इथे तीन दरवाजे आणि रिकामे रूळ घेऊन बसणार. सहा वर्षांत मला दुसरा मित्र जोडायची गरज पडली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी मी वळण ठोकायला घेतलं. पट्टी लावली. एक पत्ता सरकवला. वसुधा तांदूळ निवडत बसली होती, तिथूनच म्हणाली, "भाऊजी दोन म्हणाले होते ना?"

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

मी विसरलो, असं मी नंतर स्वतःला चाळीस वेळा सांगून पाहिलं. नाही. मी विसरलो नव्हतो. दुसरा पत्ता माझ्या मांडीवर होता. खिळे मी नेहमीसारखे नीट, सरळ, एका रेषेत ठोकले. इतकं सुबक वळण मी आयुष्यात केलं नव्हतं.

रविवारी चौघे आले. चंद्रप्रकाश जाड भिंगाचा चष्मा लावणारे, शांत गृहस्थ. श्यामकांत नवा सदरा घालून आला होता, एकही भोक नसलेला. त्याने इंजिन रुळावर ठेवलं, चावी दिली, सोडलं. सरळ रुळावर ते काय देखणं धावलं म्हणून सांगू! माझ्याच तोंडून "वा" निघता निघता राहिलं. मग वळण आलं. मधलं चाक रुळावर चढलं, दांडा अडकला आणि इंजिन आडवं झालं.

"होतं असं," श्यामकांत हसून म्हणाला. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते दरवाजावरून खाली फरशीवर पडलं आणि पुढचा पत्रा आत गेला. वसुधा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि इंजिनाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

चंद्रप्रकाश वळणाशी वाकले. "रुळांचं अंतर एकदा तपासायचं का?"

आणि श्यामकांत, जो कधी कुणावर आवाज चढवत नसे, तो फटकन म्हणाला, "छे छे! रूळ बाळचे आहेत. बाळच्या रुळात चूक नसते. माझंच इंजिन लांब झालंय."

आता बोल की, मी स्वतःला म्हणालो. एक शब्द. पत्ता. पण तोवर चंद्रप्रकाशांनी वळणावरून बोट फिरवायला सुरुवात केली होती, खिळ्यांवरून, स्लीपरांवरून. मग मला म्हणाले, "कर्णिक, काम मात्र फार सफाईचं आहे तुमचं. अशी रूळजोडणी मी पाहिली नाही." सहा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलं ते या दिवशी. आणि लाज वाटायची सोडून मला, सांगायला हरकत नाही, बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मी म्हणालो, "चहा घ्या ना."

बुधवारी दुसरं कार्ड आलं. या वेळी माझ्या नावाचं. मंडळाला रूळ टाकणाऱ्या माणसाची गरज आहे, रिकाम्या जागेसाठी आपण यावे. वसुधाने ते वाचलं, माझ्यापुढे ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "भाऊजींना जाऊन खरं सांगा. नाहीतर मी सांगेन."

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. दुपारीच मी अंधेरी गाठली. चालताना सगळं घोकून ठेवलं होतं. नीलावहिनींनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात बाळभाऊजी. आठवडाभर त्या इंजिनालाच लागलेत. जेवणावर लक्ष नाही."

तो खिडकीशी बसला होता. समोर इंजिन. पण ते इंजिन राहिलं नव्हतं. त्याने ते मधोमध कापलं होतं, मधली चाकं काढून टाकली होती आणि उरलेले दोन तुकडे पुन्हा डाख देऊन जोडले होते. दोन वर्षांचं काम. मधून चिमटा काढल्यासारखं आखूड, बेढब दिसत होतं. ती मोठी दोन चाकं बाजूला फडक्यावर पडली होती.

"ये ये!" तो म्हणाला. "बघ, आता चार चाकी केलं. तुझ्या वळणावरून आता लोण्यासारखं जाईल. मीच हावरटपणा केला यार, उगाच लांबडं करत बसलो."

"श्याम," मी म्हणालो, "इंजिनाची चूक नव्हती. मी एकच पत्ता घातला. तू दोन सांगितले होतेस. मी मुद्दाम एक घातला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागला, त्याच्या त्या बिनदुर्गुणी पद्धतीने.

"अगं नीला, ऐकलंस? बाळ काय म्हणतोय बघ! मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतोय." आणि मला म्हणाला, "खोटं बोलायला पण यावं लागतं रे. तुझं काम नाही ते."

"चल माझ्या घरी. मोजून दाखवतो."

"तुझे रूळ मी मोजायचे? सहा वर्षांत कधी मोजले नाहीत. वेडा आहेस का?"

मी आणखी एकदा सांगू शकलो असतो. हात धरून ओढत नेऊ शकलो असतो, पट्टी लावून दाखवू शकलो असतो. पण नीलावहिनी चहा घेऊन आल्या, आलं घातलेला, आणि मी तो प्यायलो. खिशातलं कार्ड त्याला दाखवलं. वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस चिडेल, मनात कुढेल, माझ्यासारखा होईल. त्याने कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीत असा जोरात धपाटा घातला की चहा हिंदकळला. "कुणीतरी तुझे रूळ बघितले शेवटी! मी म्हणत नव्हतो?"

घरी आल्यावर वसुधाने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. त्याला पटलं नाही."

"तुम्ही पटवलं नाहीत," ती म्हणाली आणि आत गेली.

घाटकोपरला मी गेलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. गेलो. पुढच्याच रविवारी, इस्त्रीचा सदरा घालून, काखोटीला रुळांचा नमुना घेऊन. श्यामकांत अंधेरीहून मुद्दाम मला सोडायला पार्ल्याच्या स्टेशनवर आला. दादरला कुठल्या पुलावरून जायचं ते सांगितलं. माझ्या हातातला नमुना घेऊन त्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसून परत दिला. मी गाडीत चढलो, दारात उभा राहिलो आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. एवढासा हेवा, एवढीशी जळजळ, नखाएवढी तरी दिसावी म्हणून शोधत राहिलो. गाडी हलली. तो दोन पावलं बरोबर चालला, हात वर करून ओरडला, "सगळं नीट बघून ये, मला सांगायला!"

दादर येईपर्यंत मी त्या माणसाचा हेवा करत होतो.